नेव्हिल क्रॅबट्रीच्या पन्नास धावा

नेव्हिल क्रॅबट्रीला कुणी विचारलं की तू क्लबात काय करतोस, तर तो म्हणायचा, "मी फलंदाज आहे," आणि समोरचा हसायच्या आत स्वतःच हसून घ्यायचा. लोक हसणारच आहेत, तर पहिला नंबर आपला लावून ठेवावा, असा त्याचा हिशेब होता. हसण्यात तरी तो कायम सलामीला जायचा. फलंदाजीत त्याला कुणी सलामीला पाठवत नसे, आणि पाठवणारा तोच होता, तरीही.

स्केलबेक गावच्या क्रिकेट क्लबात तो पस्तीसेक वर्षं खेळत होता, आणि सगळी वर्षं तिसऱ्या संघात. क्लबाचे संघ तसे पुष्कळ. पहिला, दुसरा, तिसरा, रविवारचा, बायकांचा, शिवाय वयाप्रमाणे पोरांचे. पहिल्यात ज्यांना खेळता येतं ते. दुसऱ्यात आपल्याला येतं असं ज्यांना वाटतं ते. आणि तिसऱ्यात शनिवारी दुपारी जे घरी सापडतात ते. या तिसऱ्याचा नेव्हिल कर्णधार. हे पद त्याला कुणी मानाने दिलं नव्हतं. आधीचा कर्णधार वारला तेव्हा सामानाची थैली नेव्हिलच्या गाडीत होती, एवढंच झालं होतं.

आणि या पस्तीस वर्षांत नेव्हिलने एका डावात पन्नास धावा कधीही केल्या नव्हत्या. सर्वात जास्त त्रेचाळीस, आणि त्या दिवशी समोरच्या मुख्य गोलंदाजाला गांधीलमाशी चावली होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. स्केलबेकचं अंगण मात्र खरोखरच वाकडं आहे. मैदानाची एक बाजू टेकडीवर चढलेली, तिकडे मारलेला चेंडू थोडा वर जातो, विचार करतो आणि परत येतो. पण त्याच अंगणात गावातले दुसरे लोक पन्नास करत होते, शंभरही करत होते, म्हणून नेव्हिल ही सबब फक्त बाहेरगावच्यांना सांगायचा.

यंदा मात्र गोष्ट निराळी होती. नेव्हिलने जन्मभर लोकांच्या घरात गालिचे बसवले. म्हणजे साठी उलटेपर्यंत तो दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांतून गुडघ्यांवर रांगत होता. गुडघ्यांनी शेवटी जाब विचारला. ऑक्टोबरात दोन्ही बदलायचे ठरले, आणि डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, चाला, बागकाम करा, पण यापुढे पळायचं नाही. म्हणजे हा उन्हाळा शेवटचा.

मोसम सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी पबमध्ये बिअरचा दुसरा ग्लास संपल्यावर नेव्हिलने जाहीर केलं, "यंदा पन्नास करणार. नाही झाल्या तर जुन्या गुडघ्यांबरोबर बॅटही डॉक्टरांना देऊन टाकीन." बोलला आणि पस्तावला. स्केलबेकमध्ये पबात बोललेलं दवंडी पिटल्यासारखं असतं. दुसऱ्या दिवशी खाटकाने सॉसेज तोलता तोलता विचारलं, "झाल्या का?" अजून सामना व्हायचा होता.

मे महिनाभर नेव्हिलने भोपळ्यांचं पीक काढलं. थंडी इतकी की बोटं बॅटवर आहेत की नाहीत हे बघून खात्री करावी लागे. खाटक, पोस्टमन, चर्चच्या पाद्रीणबाई, सगळे रोज विचारायचे, "झाल्या का?" आणि नेव्हिल म्हणायचा, "झाल्या की. हप्त्याहप्त्याने होतायत."

जूनमध्ये त्याला बढती मिळाली. हे कसं होतं, तर दर गुरुवारी डेक्लनचा फोन येतो. डेक्लन पहिल्या संघाचा कर्णधार, घरं विकायचा धंदा, जिभेवर साखर. त्याच्या संघात कुणी कमी पडला की तो दुसऱ्यातला उचलतो, दुसरा संघ तिसऱ्यातला उचलतो, आणि तिसरा संघ रस्त्यावरचा उचलतो. वरच्यांना शिंक आली की खालच्यांना पडसं. त्या आठवड्यात दुसऱ्या संघाला इतके कमी पडले की खुद्द नेव्हिललाच उचललं. त्याला नववा ठेवला. त्याच्या आधीचे लोक त्या दिवशी बादच होईनात. नेव्हिल दुपारभर पॅड बांधून बसला, आणि संध्याकाळी तसाच पॅडसकट घरी आला.

"किती केल्यास?" त्याच्या बायकोने, लॉर्नाने विचारलं.

"संधी मिळाली नाही."

"बरं झालं. निदान बाद तरी नाही झालास. कपडे स्वच्छ आहेत, ते उद्या परत घाल."

लॉर्नाला क्रिकेटचं काडीचंही कौतुक नव्हतं. गेली तीस वर्षं ती शनिवारी क्लबाच्या स्वयंपाकघरात मधल्या सुट्टीचा चहा करत होती. काकडीची आणि हॅमची सँडविचेस, पोर्क पाय, स्कोन, आणि बादलीभर चहा. तिचा चहा पाहुण्या संघांत इतका नावाजलेला होता की काही लोक केवळ त्यासाठी तिसऱ्या संघात टिकून होते. मात्र त्या स्वयंपाकघराची खिडकी मैदानाकडे पाठ करून होती. तीस वर्षांत लॉर्नाने जेवढं क्रिकेट पाहिलं, ते रिकाम्या कपबश्या गोळा करताना.

मग बायकांच्या संघाने तिसऱ्याला मैत्रीच्या सामन्याचं आव्हान दिलं. नेव्हिलने मनात मांडे खायला सुरुवात केली. बायकांचा संघ नवा, दोनच वर्षांचा. इथे पन्नास कुठे गेल्या नाहीत. त्यांची कर्णधार टॅम्सिन ही जनावरांच्या दवाखान्यात काम करायची, आणि लाथाळ गाय एका हाताने धरून ठेवायची, हे त्याने लक्षात घ्यायला हवं होतं. तिने दुसऱ्याच चेंडूवर त्याची मधली यष्टी उखडली. नेव्हिल वळून यष्टीकडे बघत राहिला.

"परत खेळा हवं तर," टॅम्सिन म्हणाली. "मैत्रीचाच सामना आहे."

"नको, नको. बाद म्हणजे बाद," नेव्हिल म्हणाला. मोठ्या बाण्याने म्हणाला. पण खरं सांगायचं तर हे म्हणायच्या आधी तो दोन पावलं परत वळला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

जुलैत आई-बाप विरुद्ध पोरं असा सामना झाला. नेव्हिल-लॉर्नाला मूल नव्हतं, पण एका पोराचा बाप आजारी पडला तेव्हा नेव्हिल त्या जागी इतक्या तत्परतेने हजर झाला की त्या बापालाच संशय आला. काय सांगावं, सुरुवात झकास झाली. नऊ वर्षांच्या गोलंदाजांना त्याने टेकडीवर मारलं, ओढ्यात मारलं. इतक्यात यष्टिरक्षण करणारी एक वेणीवाली पोरगी पुढे आली.

"तुमच्या पंचवीस झाल्या. आता बाहेर."

"का म्हणून?"

"मोठ्या माणसांना पंचवीसच. नियम आहे."

"पन्नास करू की आपण. मी काही कुणाला सांगत नाही."

तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की नेव्हिल गुपचूप बॅट काखेत मारून चालू लागला. त्याने ही गोष्ट त्याच रात्री पबमध्ये स्वतःच सांगितली. दुसऱ्या कुणी आधी सांगू नये म्हणून.

ऑगस्टमध्ये दोनदा तिशी ओलांडली आणि दोन्हीदा स्वतःच्याच घाईने बाद झाला. मग सप्टेंबर आला, उन्हं उतरली, आणि उरला एकच सामना. शेजारच्या ग्रिबलीच्या तिसऱ्या संघाशी, घरच्या मैदानावर.

आणि गुरुवारी डेक्लनचा फोन आला. पहिला संघ वरच्या गटात जायच्या बेतात, तीन जण जायबंदी, म्हणून दुसऱ्यातले तिघे वर, आणि त्यांच्या जागी तिसऱ्यातले तिघे हवेत. "नेव्ह, तू समजून घेशील म्हणून तर हक्काने सांगतो." नेव्हिलने समजून घेतलं. रात्री मोजले तर त्याच्याकडे आठ माणसं होती, आणि लीगच्या नियमाप्रमाणे नऊ नसतील तर सामना समोरच्याला बहाल. सामना गेला तर जावो. पण सामनाच नाही तर डाव कुठला, आणि डाव नाही तर पन्नास कुठल्या? शुक्रवारी त्याने सगळ्या गावाला फोन केले. कुणाची मुलगी हॉस्टेलला निघाली होती, कुणाचं कुंपण पडलं होतं. पाद्रीणबाईंकडे लग्न होतं. संध्याकाळी नेव्हिल स्वयंपाकघरात आला. लॉर्ना उद्याच्या सँडविचसाठी लोणी मऊ करत होती.

"लॉर्ना, उद्या काय करतेयस?"

"तुमची तोंडं भरतेय. दर शनिवारी तेच करते."

"खेळशील का?"

लॉर्नाने सुरी खाली ठेवली. "माझ्याशी बोलतोयस का मांजराशी?"

"मांजराला विचारून झालं. त्याला वेळ नाही."

"मला काय येतंय खेळायला?"

"नुसतं उभं राहायचं. काही म्हणजे काही करायचं नाही."

"तू पस्तीस वर्षं जे करतोयस ते?"

"अगदी तेच."

"मग जमेल," लॉर्ना म्हणाली आणि पुन्हा लोण्याकडे वळली. जरा वेळाने तिने पाठमोरीच विचारलं, "ही शेवटची मॅच ना रे?"

"शेवटची," नेव्हिल म्हणाला. तेवढ्यावर त्याला विनोद सुचला नाही.

शनिवारी लॉर्ना नेव्हिलच्या जुन्या पांढऱ्या विजारीचे पाय दुमडून मैदानात उतरली. ग्रिबलीची फलंदाजी आधी होती. नेव्हिलने तिला अशा कोपऱ्यात उभं केलं की तिथे चेंडू यायचा तर वाट चुकूनच यावा. दर दोन-तीन षटकांनी तो तिला इकडून तिकडे हलवायचा, आणि चेंडू नेमका दुसरीकडे जायचा. ग्रिबलीने धावांचा डोंगर रचला, आणि लॉर्नाच्या हाताला चेंडूचा स्पर्शही झाला नाही.

चहाच्या वेळी दोन्ही संघांच्या पुढ्यात सँडविचेसची ताटं ठेवताना ती त्याला म्हणाली, "मला कळतं बरं का तू काय करतोयस ते. एकदा तरी येऊ दे की माझ्याकडे."

"तुला लागेल."

"लागू दे. दुपारपासून हात तयार ठेवलेत मी."

चहा झाल्यावर ग्रिबलीचे दोघे दूध काढायला म्हणून निघून गेले. गायींना क्रिकेटचं वेळापत्रक कळत नाही. अशा वेळी या भागात रिवाज असा की फलंदाजी करणाऱ्या संघाने क्षेत्ररक्षणाला आपला गडी उसना द्यायचा, आणि उसन्या गड्यानेही इमानाने खेळायचं. आपलाच माणूस आहे म्हणून चेंडू सोडला, तर त्याच्याशी आठवडाभर कुणी बोलत नाही. नेव्हिल कुणाला पाठवावं याचा विचार करत असतानाच लॉर्ना म्हणाली, "मी जाते. तसंही शेवटी खेळायचंय मला. इथे बसून काय करू, कपबश्या धुऊन झाल्या."

तर अशी नेव्हिलची बायको ग्रिबलीच्या बाजूने मैदानात गेली, आणि जरा वेळाने नेव्हिल फलंदाजीला गेला.

त्या दिवशी काय झालं हे नेव्हिललाही नीट सांगता आलं नसतं. चेंडू मोठा दिसत होता. गुडघे दुखत होते, पण त्यांनाही आपली ही शेवटचीच पाळी हे कळलं असावं. वीस झाल्या, तीस झाल्या. दुसऱ्या टोकाला माणसं येत होती आणि जात होती, सामना केव्हाच हातचा गेला होता, त्याचं कुणाला काही नव्हतं. चाळीस झाल्या तेव्हा खाटक दुकान बंद करून दगडी कुंपणावर येऊन बसला. त्रेचाळीस ओलांडल्या तेव्हा नेव्हिलने इकडे तिकडे पाहिलं, कुठे गांधीलमाशी नाही ना. मोसमातलं शेवटचं षटक सुरू झालं तेव्हा त्याच्या एकोणपन्नास होत्या.

गोलंदाजीला ग्रिबलीचा कर्णधार विल्फ डिन्सडेल आला. मेंढपाळ माणूस, नेव्हिलच्याच वयाचा, गेली तीस वर्षं दर उन्हाळ्यात त्याला बाद करत आलेला.

"एकच हवी ना?" विल्फने विचारलं.

"एकच."

"मग घे आणि मोकळा हो. मेंढ्या खोळंबल्यात."

विल्फने हात हलवला तसे त्याचे गडी लांब लांब पांगले. एकाने तर हात खिशात घातले. ही मेहेरबानी आंधळ्यालाही दिसली असती. नेव्हिललाही दिसली, आणि खोटं कशाला बोला, त्याने ती आनंदाने स्वीकारली. मग विल्फने चेंडू टाकला. हळू, पायांवर, ताटात वाढल्यासारखा. नुसता ढकलला असता तरी धाव होती. पण दैव देतं आणि कर्म नेतं. त्या फुकटच्या चेंडूकडे बघून नेव्हिलला वाटलं, पस्तीस वर्षं वाट पाहिली ती काय ढकलून पन्नास करायला? चौकारच मारू. आणि त्याने होती नव्हती ती ताकद लावून बॅट फिरवली.

चेंडू सरळ वर गेला. नेव्हिल धावत सुटला. अर्ध्या वाटेत त्याने वर पाहिलं, तर चेंडू अजून चढतच होता. खाली ग्रिबलीचा एक गडी होता. तो शहाणा माणूस, त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या पलीकडे लॉर्ना होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती दुपारपासून हात तयार ठेवून उभी होती, आणि शेवटी एकदाचा चेंडू तिच्याकडे येत होता. ती दोन पावलं मागे गेली, एक पाऊल पुढे आली, डोळे मिटले, आणि चेंडू पोटाशी कवटाळून गवतावर बसली.

लॉर्नाने डोळे उघडले, हातात पाहिलं. चेंडू तिथेच होता. ती उठली, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, आणि इतकी हसली की नेव्हिलला लग्नानंतरची पहिली काही वर्षं आठवली. एवढं हसताना त्याने तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं की कुणीच टाळ्या वाजवत नाही. तिने धावफलकाकडे पाहिलं. नेव्हिलकडे पाहिलं. हात हळूहळू खाली यायला लागले.

"नेव्हिल," ती म्हणाली, "मी हे काय केलं रे?"

तेवढ्यात पंचाने हात आडवा केला. तिसऱ्या संघाच्या सामन्यांना बाहेरचे पंच येत नाहीत, आपलेच बाद झालेले फलंदाज पांढरा कोट घालून उभे राहतात. तिथे इफ्ती होता. गावात औषधांचं दुकान चालवणारा, नेव्हिलचा जुना सोबती.

"नो बॉल," इफ्ती म्हणाला. "विल्फचा पाय रेषेच्या पुढे होता."

"होता, होता," विल्फ घाईघाईने म्हणाला. "चांगला हातभर पुढे होता."

नेव्हिल मध्येच उभा होता. पन्नास तिथेच होत्या. आणखी एक चेंडू, एक ढकललेली धाव, आणि झालं. कुणी हरकत घेणार नव्हतं. त्याला त्या धावा हव्या होत्या. पण हात आडवाच राहिला तर लॉर्नाने काहीच केलं नव्हतं. तिने फक्त चेंडू पकडला होता, झेल नव्हे.

"इफ्ती, हात खाली घे."

"नेव्ह, पाय पुढे होता म्हणतोय मी."

"विल्फचा पाय हातभर पुढे गेला असता तर त्याला उचलून न्यावं लागलं असतं. हात खाली घे."

"अरे बाबा, एकोणपन्नास आहेत तुझ्या."

"मला मोजता येतं. तिने झेल घेतलाय. बोट वर कर."

इफ्तीने विल्फकडे पाहिलं, विल्फने टोपी काढून डोकं खाजवलं. शेवटी इफ्तीने हात खाली घेतला आणि बोट वर केलं. नेव्हिल तंबूकडे न जाता आधी लॉर्नाकडे गेला.

"एवढ्या उंच चेंडूखाली मी असतो तर पळून गेलो असतो," तो म्हणाला.

"खरंच घेतला ना मी?"

"घेतलास की. मला बाद केलंस."

कुंपणावर बसलेल्या खाटकाने पहिली टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि त्या कुणासाठी आहेत याचा नेव्हिलने विचार केला नाही. लॉर्नाचे हात पुन्हा वर गेले होते.

कपडे बदलायच्या खोलीत तो एकटाच टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इफ्ती डोकावला तेव्हा त्याने गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं, आणि इफ्तीने ते मान्य केलं, कारण औषधं विकणाऱ्याला कोणतं दुखणं कुठलं हे कळतं.

संध्याकाळी पबमध्ये डेक्लनचा पहिला संघ आला. ते जिंकले होते, वरच्या गटात गेले होते, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लॉर्ना मधल्या टेबलाशी उभी राहून झेल सांगत होती. तिसऱ्यांदा सांगत होती. चेंडू कसा आला, सूर्य कसा डोळ्यांवर होता, आणि ती कशी मागे सरकली. सूर्य खरं तर तिच्या पाठीशी होता.

"आणि किती वर गेला असेल म्हणता?" ती हात उंचावून म्हणाली. "चर्चच्या छपराएवढा. हो ना रे नेव्हिल?"

सगळ्यांनी नेव्हिलकडे पाहिलं. त्याने ग्लास खाली ठेवला.

"कळसाच्याही वर गं," तो म्हणाला.